पडद्याआडचे पैलवान

अहो, आमचं काही म्हणणं नाही. ज्याचं घर त्याचा हॉल, ज्याचा हॉल त्याचा टीव्ही. पण ठाण्यातल्या खोपटसारख्या सभ्य वस्तीत, ऐन दिवेलागणीला, चांगल्या घरातली माणसं दार लावून, पडदे ओढून, घामाघूम होऊन धापा टाकत असतील, तर त्यावर चार शब्द बोलायचे की नाही? बोलायचेच. नाहीतर शेजारी राहून उपयोग काय!

हंसनगरच्या बाजूच्या एका इमारतीतली गोष्ट. नाव घेणार नाही. घेतलं तर उद्या लिफ्टमध्ये तोंड दाखवायची पंचाईत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मालिका बघत बसल्या होत्या. दुधात कुणी काय कालवलंय ते आता उघडकीला येणार, इतक्यात वरून धप्प. मग धप्प, धप्प, धप्प. पंख्याची वाटी हलायला लागली, शोकेसमधला काचेचा मोर शेजारच्या ताजमहालावर कलला. काकूंना आधी वाटलं, भांडण. भांडण असतं तर काकूंची काही तक्रार नव्हती, त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला असता. पण भांडणात शब्द असतात. इथे नुसतेच हुंकार. थोडा वेळ सोसलं आणि मग त्या गुडघ्यांना हात लावत जिना चढून वर गेल्या.

दार सुनेनं उघडलं. ओढणी कमरेला करकचून बांधलेली, डाव्या मांडीला पट्टा, हातात काळं कडं, कपाळाला केस चिकटलेले.

"काय गं, बरी आहेस ना?"

"हो काकू, ड्रॅगनला मारतेय. बसा ना, आठच उठाबशा राहिल्यात."

आता बोला!

काकू बसल्या बरं का. आठ उठाबशा होईपर्यंत बसल्या, ड्रॅगन आडवा होईपर्यंत बसल्या, आणि खाली आल्यावर मालिका सोडून आधी आम्हाला फोन केला. तेव्हापासून खोपटात दुसरा विषय नाही. पाणी आलं का, कचऱ्याची गाडी आली का, हे सगळं मागे पडलं.

चौकशी केली तेव्हा कळलं, या प्रकाराला रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या स्विच नावाच्या यंत्रासाठी तो काढला. एक रिमोट त्या कड्यात बसवायचा, दुसरा मांडीच्या पट्ट्यात. जागच्या जागी धावलात की पडद्यावरचं पात्र रानावनातून धावतं. कडं दाबलंत की त्यातून हवेचा झोत सुटतो. उठाबशा काढल्यात की शत्रूवर घाव बसतो. आणि शत्रू कोण, तर ड्रॅगो नावाचा, दंड फुगवून उभा राहणारा, व्यायामाच्या नादानं बहकलेला ड्रॅगन. मध्येच ते यंत्र अंगठा टेकवायला सांगून नाडीही बघतं. म्हणजे वस्ताद तेच, वैद्य तेच आणि राक्षसही तेच. आम्ही शाळेत उठाबशा काढल्या त्या गृहपाठ केला नाही म्हणून. आता लोक त्या पदरचे पैसे मोजून काढतात, आणि वर यंत्र 'शाब्बास' म्हणतं!

हे घरात शिरलं कधी, तर २०२० साली. टाळेबंदीत जिमला कुलपं लागली ती महाराष्ट्रात थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला निघाली. मधले सात महिने घरोघरी काय चाललं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. डालगोना कॉफी घुसळली गेली, कुकरमध्ये केक फुगवले गेले, पाणीपुरीच्या पुऱ्या घरी लाटल्या गेल्या. ते सगळं जाणार कुठे? गेलं आपलं कमरेवर. मग कमरेला उपाय म्हणून जगभर या कड्याची अशी टंचाई झाली की ८० डॉलरची वस्तू दुप्पट भावानं विकली जाऊ लागली. आपल्याकडे तर आणखी गंमत. कंपनीनं स्विच इथे रीतसर विकायलाच आणला नव्हता. मग मनीष मार्केटमधला ओळखीचा दुकानदार, हिरापन्नातला त्याचा भाऊ, नाहीतर दुबईहून येणारा मेव्हणा, असे मार्ग. तीस हजारांच्या पुढची वस्तू घरात आली आणि वाण्याची वही तशीच राहिली. ही टीका आमची नाही हं. वाण्याची आहे.

जपान्यांना मात्र शेजारधर्म कळतो. त्यांची घरंही लहान, भिंतीही पातळ. म्हणून त्या खेळात शांत खेळायची सोय ठेवली आहे. ती चालू केली की धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, नुसते गुडघे वाकवायचे आणि सरळ करायचे. पडद्यावरचं पात्र तेवढ्यावर धावतं आणि खालच्या मजल्यावरच्या मालिकेतलं दूध सुरक्षित राहतं. आमच्या सूनबाईंना ही सोय नेमकी कधी सापडली, तर काकू येऊन गेल्यावर. आधी सापडली असती तर खोपटाचं केवढं मोठं नुकसान झालं असतं, विचार करा!

पण पोरीला एकटीला दोष देऊन चालणार नाही. हे खूळ जुनं आहे आणि त्यात बडी बडी घराणी अडकलेली आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये याच निन्टेन्डोनं वी नावाचं यंत्र काढलं. रिमोट हातात धरून हवेत हात फिरवायचा की पडद्यावर टेनिसची रॅकेट फिरते. जगभरात अशी दहा कोटींहून जास्त यंत्रं खपली. इंग्लंडच्या राणीनं नातवाच्या यंत्रावर बोलिंग खेळून बघितलं, असं तिकडच्या वर्तमानपत्रानं छापलं होतं. मग २००९ मध्ये टीएचक्यू या खेळ बनवणाऱ्या कंपनीनं जाहिरातीसाठी सोन्याचा मुलामा दिलेलं एक यंत्रच राजवाड्यावर पाठवून दिलं. राजवाड्यानं ते काही ठेवून घेतलं नाही. बरोबर आहे, उद्या खालच्या मजल्यावरचा सरदार तक्रार घेऊन आला असता.

त्या रिमोटनं तर काय काय उत्पात केले! लोक भान हरपून हात फिरवत, घामानं रिमोट सटके आणि थेट टीव्हीच्या काचेत. तक्रारी इतक्या आल्या की महिनाभरात, डिसेंबर २००६ मध्येच, कंपनीला ३२ लाख मनगटपट्ट्यांची फुकट बदली जाहीर करावी लागली. स्पेनमधल्या एका तरुण डॉक्टरनं रविवारी सकाळी उठल्यावर खांदा धरला. आदल्या दिवशी तो तासन्‌तास हवेतलं टेनिस खेळला होता. त्यानं लाजायचं सोडून स्वतःच्याच दुखण्यावर 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ला पत्र लिहिलं आणि त्यांनी ते २००७ मध्ये छापलं. आपल्याकडे खांदा धरला तर माणूस "रात्री पंखा लागला" असं सांगून आयोडेक्स मागतो. जगभर बोभाटा करत नाही.

आणि ते वजनाचं प्रकरण! मारिओचे जनक शिगेरू मियामोतो यांना रोज स्वतःचं वजन करून त्याचा आलेख काढायची सवय लागली. आपल्याकडे घरातला कर्ता माणूस असं करायला लागला तर आधी त्याची साखर तपासतात. त्यांनी त्याचा खेळ केला. डिसेंबर २००७ मध्ये वी फिट आलं, सोबत पांढरा पाट. पाटाच्या चार कोपऱ्यांत चार संवेदक. त्यावर उभं राहिलात की तुमचं वजन, तोल, डावीकडे झुकता की उजवीकडे, सगळं चव्हाट्यावर. वजन जास्त निघालं तर पडद्यावरच्या तुमच्या बाहुलीचं पोट सर्वांदेखत फुगतं. इंग्लंडमध्ये २००८ साली दहा वर्षांच्या एका मुलीला त्या पाटानं जाड ठरवलं, घरचे चिडले, वर्तमानपत्रांत गाजलं आणि कंपनीला माफी मागावी लागली. आमच्याकडे हे काम आत्या आणि मावशा बिनसंवेदकाचं करतात. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी "अगो बाई, बाळसं धरलंयस!" आणि माफीबिफीचं नाव नाही. तरीही वी फिटच्या सव्वादोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. अपमान करून घ्यायला पैसे मोजणारे इतके लोक जगात असतील, असं आमच्या आत्याला कुणी सांगितलं असतं तर तिनं केव्हाच दुकान काढलं असतं.

खोपटात आलेल्या अशाच एका पाटाचं पुढे काय झालं, तेही सांगते. इथल्या एका साहेबांनी मोठ्या हौसेनं तो अमेरिकेहून आणवला. थोडे दिवस त्यावर एका पायावर उभे राहिले. मग पाट पलंगाच्या पोटात गेला. आता महिनाअखेरीला बाहेर येतो, तो रद्दी मोजायला. वहिनी आधी एकट्या उभ्या राहतात, मग रद्दीचा गठ्ठा कवटाळून उभ्या राहतात, आणि वजाबाकी करून रद्दीवाल्याच्या काट्याला पुराव्यानिशी खोटं पाडतात. रद्दीवाल्यानं या आळीत यायचं कमी केलंय म्हणे.

मग आलं मायक्रोसॉफ्टचं किनेक्ट. ४ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत विक्रीला आलं आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपलं. गिनेस बुकात नोंद आहे. त्यात हातात धरायला काहीच नाही. टीव्हीखाली एक पट्टी ठेवायची. ती अदृश्य किरणं टाकून तुमचं डोकं, कोपर, गुडघे शोधते आणि तुम्ही हलाल तसं पडद्यावरचं पात्र हलतं. म्हणजे काय, तर चांगल्या घरात हॉलच्या मधोमध कॅमेरा! आमच्या वेळी खिडकीत उभं राहून कुणी बघितलं तर त्याच्या बापाकडे तक्रार जायची. आता लोक दुकानात जाऊन बघणारा विकत आणतात.

बरं, त्याचे नखरे तरी किती! एकट्यानं खेळायचं तर समोर सहा फूट मोकळी जागा हवी, दोघांना आठ फूट. खोपटातल्या वन रूम किचनचा हॉल केवढा, त्यात दिवाण, टीपॉय, कपाट, आजेसासऱ्यांची आरामखुर्ची. मग रोज संध्याकाळी टीपॉय गॅलरीत, खुर्ची स्वयंपाकघरात आणि दिवाण भिंतीला उभा. शेजारच्यांना वाटायचं, हे घर सोडून चालले. खरं विचाराल तर निम्मी चरबी त्या सामानाच्या हलवाहलवीतच झडत असणार. खेळ आपला नावाला.

सोबत किनेक्ट अ‍ॅडव्हेंचर्स नावाचा खेळ फुकट मिळायचा. होडीत उभं राहून नदीतून उड्या मारत जायचं. तर त्या घरातल्या आजी रक्तदाबाची गोळी घ्यायला फ्रिजकडे निघाल्या. मध्ये कॅमेरा. यंत्रानं त्यांना तत्काळ दुसरा खेळाडू म्हणून होडीत घेतलं! पडद्यावर अचानक एक बाहुली चालायला लागलेली बघून आजी थबकल्या, बाहुलीही थबकली. आजींनी हात झटकला, बाहुलीनं हात झटकला. "कोण गं ही भवानी, मला वेडावतेय?" असं म्हणून आजी जागेवरून हलेनात. सैल कपड्यांत त्या यंत्राचा आधीच गोंधळ उडतो, त्यात आजींचं लुगडं. बाहुलीचे पाय भलतीकडेच वळायला लागले. आणि कहर म्हणजे तो खेळ मध्येच गुपचूप फोटो काढतो आणि शेवटी सगळ्यांसमोर दाखवतो. त्या दिवशी घरी मुलीला बघायला आलेली मंडळी बसली होती, कौतुक म्हणून खेळ दाखवायला घेतला होता. तर पडदा भरून काय आलं? बनियनमधले सासरे, दोन्ही पाय हवेत, तोंड उघडं. स्थळ जुळलं हो. पण मुलाकडच्यांनी तो फोटो अजून ठेवलाय, असं ऐकते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी खूळ, आपला काय संबंध. आहे ना संबंध! जस्ट डान्स नावाचा नाचाचा जो खेळ आहे, फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा, त्याच्या कित्येक आवृत्त्यांच्या कामात त्यांच्या पुण्याच्या स्टुडिओचा हात आहे. पुण्याचा! दुपारी एक ते चार ज्या शहराची वामकुक्षी जगजाहीर, त्या शहरात बसून लोकांना घरबसल्या नाचवायचे उद्योग चालतात. मुंबईच्या ट्राइन कंपनीनंही सोनीच्या हलवायच्या रिमोटसाठी गल्ली क्रिकेटचा खेळ काढला. बरोबरच आहे. गल्लीत मोटारी लागल्या, पोरांना जागा उरली नाही, तेव्हा गल्ली उचलून टीव्हीत ठेवली. निदान तिथे काच फुटली तर ती आपल्याच घरातली.

या जस्ट डान्समधली एक लबाडी मात्र ऐकून ठेवा. फोन हातात धरून नाचायचं असतं, आणि यंत्राला फक्त त्या उजव्या हाताचं कळतं. पाय काय करताहेत, कंबर कुठे आहे, याचा त्याला पत्ता नाही. उथळसरच्या बाजूला एक काका रोज तासभर नाचतात असा गवगवा होता. बायको मैत्रिणींना गुणांचे आकडे दाखवायची. एक दिवस कामाच्या मावशी फडकं घ्यायला अचानक आत गेल्या तेव्हा काका सोफ्यावर रेलून उजवा हात झोकात फिरवत होते, आणि डाव्या हातानं चिवडा. पडद्यावर तारे पडत होते. मावशींनी शपथेवर सांगितलंय. वीच्या टेनिसचंही तेच, नुसतं मनगट झटकलं की सर्व्हिस पडते. व्यायाम चुकवायची विद्या माणसाला कुणी शिकवावी लागत नाही, ड्रॅगन समोर असला तरी.

मग यातून वजन उतरतं का? ही चर्चा आमच्याकडे जिन्यात झाली आणि बराच वेळ चालली. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजनं वीचे खेळ तपासले होते. त्यात मुष्टियुद्ध सर्वांत दमवणारं निघालं, मिनिटाला ७.२ कॅलरी. गोल्फ सर्वांत आळशी, ३.१. आता हिशेब करा. अर्धा तास हवेत ठोसे मारले की सव्वादोनशेच्या आत. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे नौपाड्यात गजाननकडे पिवळ्या चटणीसोबत एक वडापाव खाल्लात तर चाळीस मिनिटं हवेला बडवत बसा. दुसरा घेतलात तर हवेनंच हात जोडावेत. बीएमजे या डॉक्टरांच्या मासिकात २००७ मध्ये आलेल्या अभ्यासाचंही म्हणणं तेच: बसून खेळण्यापेक्षा हे बरं, पण खऱ्या मैदानाची सर नाही. बेलर कॉलेज ऑफ मेडिसिननं तर मुलांना घरी असे खेळ देऊन बघितले आणि २०१२ मध्ये सांगितलं, की बसून खेळायचे खेळ मिळालेल्या मुलांपेक्षा ही मुलं दिवसभरात काही जास्त हलली नाहीत. संध्याकाळी उड्या मारल्या की उरलेला वेळ लोळत असणार, दुसरं काय!

सर्वांत खूश झाले ते सिद्धेश्वर तलावाच्या बाजूचे आजोबा लोक. पक्षाघातानंतर हात पुन्हा चालता करायला वी वापरावं, अशी एक कल्पना निघाली होती. कॅनडातल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं मोठी चाचणी झाली, २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त निकाल आला. वी खेळणाऱ्यांचा हात सुधारला, आणि पत्ते वगैरे साधे खेळ खेळणाऱ्यांचाही तितकाच सुधारला! तेव्हापासून कट्ट्यावर रमीचा डाव मोडायला गेलं की आजोबा "वैद्यकीय कारण आहे" म्हणतात.

तर आता जिन्यातला मुख्य आरोप. या ठाण्यात कशाची कमी आहे? चालायला कचराळी तलाव आहे, तलावपाळी आहे. चढायला येऊर आहे. धावायला वर्षा मॅरेथॉन आहे, पाऊस अंगावर घेत अख्खं शहर धावतं. उद्यानांतून लोखंडी यंत्रं बसवली आहेत, फुकट. याच ठाण्यात २०१२ च्या दहीहंडीला जोगेश्वरीच्या जय जवान पथकानं नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला. आणि त्याच शहरात माणसं लिफ्ट बंद पडली तर सेक्रेटरीला फोन करून फाडून खातात, आणि वर जाऊन टीव्हीतला डोंगर चढतात! हा आरोप मी स्वतः केला. जिन्यात माना डोलल्या. एकमतानं ठराव होणार, इतक्यात ती सून वरून कचऱ्याची बादली घेऊन उतरली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काकू, मी गेले होते की कचराळीला," ती म्हणाली.

गेली होती खरी. आम्हाला आठवलंच. नवे बूट घातले होते, तेव्हा पहिल्या मजल्यावरून प्रश्न आला, "केवढ्याला पडले गं?" गेटवर, "एकटीच? हे नाही आले?" खोपटच्या एसटी स्टँडपाशी कुणाची तरी मावसबहीण भेटली, "काय, डॉक्टरांनी सांगितलंय का?" तलावावर गेल्यावर बाकावरची मंडळी प्रत्येक फेरीला नजरेनं मोजून घ्यायची. तिसऱ्या फेरीला कुणीतरी म्हणालं, "हळू, तलावाचं पाणी हिंदकळतंय." घरी आली तोवर सासूबाईंना फोन पोचला होता, की सून टी-शर्ट घालून पळत होती, सगळं ठीक आहे ना? आठवडाभर गेली. मग बूट कपाटात गेले आणि ड्रॅगन घरात आला.

जिन्यात एकदम सगळ्यांना कुकरच्या शिट्ट्या आठवल्या.

पण मी म्हणते, यात खोटं काय आहे? तालमीत लंगोट लावून, लाल मातीत लोळून जोर काढणाऱ्याला कुणी हसलं नाही. तिथे बायकांना दारही नव्हतं. थरावर थर चढवणाऱ्या पोरांना अख्खा चौक टाळ्या वाजवतो. बाई मात्र चार पावलं भरभर चालली तरी तिला कारण सांगावं लागतं. कोणी आजारी आहे का, लग्न आहे का, बस चुकतेय का. नुसतं "बरं वाटतं म्हणून" हे कारण आमच्या जिन्यात चालत नाही. आणि बायकांचंच कशाला, पोट सुटलेल्या पुरुषानं उद्यानातल्या यंत्रावर पाय ठेवला की पोरंटोरं उभी राहून बघतात. मग माणूस काय करील? दार लावील, पडदा ओढील आणि ज्याला नावं ठेवता येत नाहीत अशा यंत्रासमोर उड्या मारील. त्या जपान्यांना, अमेरिकनांना वाटत असेल की आपलं यंत्र संवेदकांमुळे खपलं. खोपटापुरतं बोलायचं तर ते आमच्या तोंडांमुळे खपलं. कंपन्यांनी आम्हाला दलाली द्यायला हवी!

आणि त्या काकू, ज्यांनी पहिला फोन केला? त्या रोज पाच वाजता वाटी घेऊन वर जातात. "साखर आणते" म्हणतात. तासानं परत येतात, वाटी रिकामी, चेहरा लालबुंद. परवा त्यांची मोलकरीण सांगत होती, घरात कुणी नसताना पंख्याची वाटी हलते. हलणारच! आता वर दोघी असतात. संसारात कुणी काकूंना कधी 'शाब्बास' म्हणालेलं नाही, भाकरी टम्म फुगली तरी नाही. ते कडं मात्र दर दहा सेकंदाला म्हणतं. काकू परवा जिना न थांबता चढल्या, गुडघ्यांना हात न लावता. आम्ही बघितलं आणि काही बोललो नाही. खोपटच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

आता तुम्हाला वाटेल, हे न बोलणं टिकेल. छे! समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या साहेबांकडे नवं प्रकरण आलंय. डोळ्यांवर चढवायचा चष्मा, पूर्ण बंद. आत बीट सेबर नावाचा खेळ: गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे अंगावर येतात आणि दोन्ही हातांतल्या तलवारींनी ते कापायचे. खेळणाऱ्याला बाहेरचं काही दिसत नाही. आपण आखून दिलेल्या रिंगणाबाहेर पाऊल गेलं तर चष्मा इशारा देतो, म्हणून भिंत वाचते. चहा घेऊन रिंगणात शिरलेल्या बायकोचं मात्र त्याला काही कळत नाही. दोन कप गेले, बशी वाचली.

साहेब फार सावध माणूस. बेल बंद करतात, दाराला कडी लावतात, मोबाइल गप्प करतात, आणि मग बर्मुडावर अर्धा तास तलवारी चालवतात. कुणाला दिसत नाही म्हणून काय काय आवेश! परवा तर मधल्या मध्ये लावणीच्या ठेक्याची एक गिरकीही घेतली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, ते हेच. चष्मा चढवायच्या घाईत पडदा ओढायचा राहिला होता आणि हॉलची ट्यूब लख्ख लागलेली होती. आमच्या इमारतीच्या गॅलऱ्या भरल्या. तिकीट नाही, पास नाही, आणि गिरकीला टाळ्यासुद्धा पडल्या. साहेबांना वाटलं, त्या चष्म्यातच वाजताहेत. त्यांनी वाकून नमस्कार केला!

सांगू की नको, अशा विचारात मी आहे. वहिनी म्हणताहेत, सांगितलंत तर लाजून बंद करतील, आणि गेल्या महिन्याभरात साहेबांचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. तेव्हा सध्या खोपटात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही बोलत नाहीये. तुम्हीही बोलू नका. साडेआठला सुरू होतं. जेवणं लवकर उरकून या, आमच्या गॅलरीतून सगळं छान दिसतं.